अकरा लढायांची वही

त्या वहीत अकरा लढाया आहेत. त्यांतल्या आठ मी खोट्या लिहिल्या. हे आधीच सांगून टाकतो. सरांबद्दल लिहायला बसलो की त्यांच्या गमती आधी सुचतात, आणि गमतींच्या नादात माझी चूक शेवटी कुठेतरी दोन ओळींत उरकली जाईल अशी मला भीती वाटते. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, वय अठ्ठेचाळीस. जसं दिसलं तसंच प्रयोगवहीत लिहा, मनाने आकडे टाकू नका, असं मुलांना इतकी वर्षं सांगत आलो. आणि मीच मनाने आकडे टाकले. तेही अशा माणसाच्या वहीत, ज्याने माझ्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवला.

सर भोकरदनला आमच्याच शाळेत पीटी शिकवायचे. शाळेत पंधरा-वीस सर होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की तेच. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, उंच, काटक, पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. केदारखेड्याहून रोज मोटारसायकलवर यायचे. गळ्यातली शिट्टी कधी निघायची नाही. बँकेत शिट्टी, दवाखान्यात शिट्टी, कुणाच्या तेराव्याला गेले तरी सदऱ्याच्या आत शिट्टी. डबासुद्धा उभ्याने खायचे. बसण्याशी त्यांचं काहीतरी जुनं वैर होतं.

त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असे. तिच्यात ते वाट पाहण्याचा वेळ लिहीत. स्टँडवर जालन्याची गाडी लागेपर्यंत किती मिनिटं, तहसीलमध्ये खिडकीपुढे किती, दाढी करायला गेल्यावर बाकावर किती. एकदा स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, “आज सत्तेचाळीस मिनिटं.”

“कशाची, सर?”

“कशाची न्हाई. नुसता बसून होतो.”

हे वेड फक्त स्वतःपुरतं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण सरांना दुसऱ्या कुणी बसून राहिलेलंही बघवायचं नाही. त्यांच्या पुतणीच्या लग्नात जेवणाची पंगत बसली. वाढपी नेहमीप्रमाणे वरच्या टोकाकडून, म्हणजे मानाच्या माणसांकडून निघाले. सरांनी शिट्टी वाजवली. सगळी पंगत दचकली.

“उलटे फिरा. त्या टोकाकून सुरू करा,” सर वाढप्यांना म्हणाले.

“अहो, वरच्या अंगाला नवरदेवाचे मामा बसलेत,” व्याही घाबरून म्हणाले.

“मामा काय पळून चालले का? दर पंगतीला शेवटच्या माणसाला भात येतो तवर वरचा माणूस ताक पिऊन हात धुऊन राह्यलेला असतो.”

भात टोकाकडून निघाला आणि मामांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचला. मामा तोंड फुगवून बसले होते. सर त्यांच्यासमोर जाऊन वाकले. “मामा, भात गरम हाय का?”

“हाय गरम,” मामा नाइलाजाने म्हणाले.

“मंग झालं तर. शेवटी येऊन बी गरमच हाय. मला तेवढंच बघायचं होतं.”

शिक्षकांच्या बैठकीत तर त्यांनी कहर केला होता. मुख्याध्यापक एकटेच पाऊण तास बोलत होते. सर मागच्या रांगेतून उठले, आमचे लिपिक भाऊसाहेब कोपऱ्यात फायली मांडीवर घेऊन बसले होते त्यांच्या मागे गेले, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, “खो!” भाऊसाहेब दचकून उठून उभे राहिले. आता काय बोलावं हे त्यांना कळेना. मुख्याध्यापकांनी विचारलं, “काय भाऊसाहेब, काही सांगायचंय?” भाऊसाहेब म्हणाले, “तसं सांगायचं होतं. संडासाची टाकी चार दिवसांपासून फुटलेली हाय.” चार दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

भाऊसाहेब म्हणजे अतिशय अबोल माणूस. काहीही विचारा, “चालतंय” म्हणणार. त्यांना मी इथे मुद्दाम आणलं आहे. माझी चूक त्यांच्यापासूनच सुरू होते.

तो खेळ आमच्याकडे माझ्या मुलीमुळे आला. पल्लवी पुण्याला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत येताना ती एक जाडजूड पुस्तक आणि निरनिराळ्या पैलूंचे फासे घेऊन आली. खेळ असा, की सगळे टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक पात्रं होतात. पात्राने काय करायचं ते तुम्ही ठरवता, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. फराळाला सर आले होते, संगणकाच्या नसरीन मॅडम होत्या, भाऊसाहेब होते. पल्लवीने चौघांना बसवलं. सर शिलेदार झाले, मी जादूगार, मॅडम चोर. भाऊसाहेबांना विचारलं तर “काय बी चालतंय” म्हणाले, म्हणून त्यांच्या वाट्याला उरलेला वैद्य आला.

गोष्ट छान रंगली. मग गुहेत दरोडेखोर आले आणि लढाई सुरू झाली. पल्लवीने सगळ्यांना फासे टाकायला लावून पाळीचा क्रम ठरवला. ज्याची पाळी तो चालणार, एक मोठं काम करणार, एक छोटं काम करणार, प्रत्येक कामाला पुस्तकात नियम बघायचा. सरांचा क्रम शेवटचा होता. लढाई संपल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, “पल्लवी, एक सांग बाई. गोष्टीतली ही लढाई किती वेळ चालली?”

“गोष्टीत? अठरा सेकंद, काका.”

“आन् इथं?”

“तास झाला असेल.”

“या तासात म्या तलवार किती वेळा चालवली?”

“तीनदा.”

“बाकीच्या वेळात म्या काय केलं?”

नसरीन मॅडम हसत म्हणाल्या, “चकल्या खाल्ल्या, सर.”

“बराबर. दरोडेखोर अंगावर येऊन राह्यला आन् मी चकली खाऊन राह्यलो. ही लढाई न्हाई, ही रेशनची रांग हाय.”

पल्लवी म्हणाली, “काका, नियमच तसे आहेत. सगळे असंच खेळतात.”

“मंग बदलू,” सर म्हणाले. ‘आणखी एक चहा ठेवा’ म्हणावं, इतक्या सहजपणे.

आम्हाला वाटलं, दिवाळीबरोबर हे संपेल. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी ते माझ्या प्रयोगशाळेत आले. त्यांच्या हातात दोनशे पानी वही होती आणि तिची चाळीस पानं भरलेली होती. रविवारी सकाळी प्रयोगशाळा उघडायची, स्टुलांवर बसायचं आणि त्यांचे नियम खेळून बघायचे, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. आमच्यात दोन नवे शिक्षकही येऊ लागले. गोष्ट सांगायचं काम नसरीन मॅडमनी घेतलं; गोष्ट रंगवायला त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

सरांचा पहिला नियम कबड्डीतून आला होता. ज्याची पाळी त्याने एका दमात आपली कामं सांगायची. दम सुटला की पाळी संपली. कागदावर हे झकास दिसत होतं. पण एका रविवारी मॅडम गोष्ट सोडून खेळायला बसल्या आणि त्यांनी एका दमात चार दरोडेखोर लोळवले, वर पाचव्याचा खिसा कापला. भाऊसाहेबांना तंबाखूचा खोकला. त्यांचा वैद्य “मी याच्या जखमेवर...” एवढं म्हणून खोकत बसला आणि जखमी माणूस मेला. आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी वहीतली दोन महिन्यांची पानं फाडून माझ्या बेसिनमध्ये टाकली.

“हा नियम फुप्फुसाचा हाय. डोक्याचा न्हाई.”

“अहो सर, थोडा दुरुस्त करून...”

“पायच वाकडा असला तर बूट बदलून काय करता? दुसरा करू.”

पुढच्या रविवारी त्यांनी फळ्यावर खो-खोचं मैदान काढलं. मला अजून ते चित्र दिसतं. दोन खुंट, मध्ये पाट्या. नवा नियम असा, की पाळीचा क्रमच नाही. एका पाळीत एकच काम करायचं, आणि मग उठून ज्याच्या हाती लढाई द्यायची त्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं. त्याने लगेच काम सांगायचं. अडखळला तर पाळी दरोडेखोराची. कुणाला कधीही खो येऊ शकतो, त्यामुळे चकली खायला कुणाला सवड नाही. तास चालणारी लढाई बारा मिनिटांत संपली. दोघं नवे शिक्षक तर स्टुलावर टेकायला तयार नव्हते. सर दाराशी उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांना इतकं आनंदात मी शाळेच्या मुलींनी जिल्ह्याची ढाल आणली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पण ते घाईचे नव्हते. “अकरा लढाया खेळा. त्याबिगर मी बाहेर कोणाला दावणार न्हाई,” असं म्हणून त्यांनी मला एक लांबट वही दिली. खो-खोच्या गुणपत्रकासारखे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले होते. खो कुणी दिला, कुणाला दिला, किती सेकंदांत काम झालं, कोण किती वेळ बसून राहिला.

“तुम्ही नाही येणार?” मी विचारलं.

“नियम करणारा समोर असला की गडी भिडेपोटी चांगलं खेळतात. मी येणार न्हाई. तुम्ही विज्ञानाचे, तुम्ही लिहाल तेच खरं.”

हे शेवटचं वाक्य मी अनेकदा आठवलं आहे.

पहिल्या दोन लढाया आम्ही खेळलो. मी प्रामाणिकपणे नोंदी केल्या. त्यांत भाऊसाहेबांना एकदा एक खो मिळाला आणि एकदा एकही नाही. मला ते खटकलं, पण योगायोग असेल म्हणून सोडून दिलं. मग बोर्डाच्या परीक्षांची गडबड सुरू झाली. नवे शिक्षक पर्यवेक्षणाला जाऊ लागले, मॅडम माहेरी जालन्याला गेल्या. तिसरा रविवार रिकामा गेला. सर सोमवारी दारात उभे. “झाली का तिसरी?” मी म्हणालो, “झाली.” का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित तो माणूस इतक्या आशेने उभा होता म्हणून. कदाचित ‘नाही’ म्हटल्यावर ते माझ्यावर रागावणार नाहीत, नुसते “बरं” म्हणून डायरीत काहीतरी लिहितील, ते मला सोसवलं नसतं म्हणून. घरी जाऊन मी खरोखर फासे टाकत बसलो आणि एकट्याने चौघांची लढाई लिहून काढली.

एकदा जमल्यावर सोपं झालं. सातवी लढाई तेवढी खरी खेळलो, बाकीच्या घरी. आणि लिहिताना मला चांगुलपणाही सुचला. खऱ्या खेळात भाऊसाहेबांना खो मिळत नव्हता, म्हणून मी वहीत त्यांना भरपूर खो दिले. एका लढाईत चार, एका लढाईत पाच. त्यांच्या वैद्याने दोनदा सगळ्यांचे प्राण वाचवले. प्रयोगशाळेत बसून जो न्याय मी त्यांना कधी दिला नाही, तो माझ्या घरच्या टेबलावर दिला. मला वाटत होतं मी सरांना मदत करतोय.

सरांनी वही वाचली, पान न् पान. “वैद्याला बी चार-चार खो,” ते म्हणाले, “म्हणजे कोणी बसून राहत न्हाई. जमलं, सर.” माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तो हात फार जड लागला.

पल्लवीच्या ओळखीच्या मुलांचा संभाजीनगरला एक गट होता. एका दुकानाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा हे खेळ खेळत. आम्ही दोघं एसटीने गेलो. सरांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पात्रांचे कागद स्वतःच्या हाताने लिहून आणले होते. शिलेदार, जादूगार, चोर, वैद्य. गोष्ट सांगणारा धरून पाच जणांनी खेळायला सुरुवात केली. एक मुलगी होती, चष्मा लावलेली, हळू बोलणारी. तिला वैद्य मिळाला.

लढाई वेगाने चालली. तिघं मुलं एकमेकांना खो देत होती, आरडाओरडा करत होती. बघायला गर्दी जमली. दहा मिनिटांनंतर माझं लक्ष त्या मुलीकडे गेलं आणि मग तिच्यावरून हटेना. प्रत्येक खो सुटला की ती थोडी सावरून बसायची. हात पुढे यायचा आणि तिच्या मागून निघून जायचा. कुणी जखमी झालं नव्हतं, मग वैद्याला कोण खो देणार? लागोपाठ दोन लढाया झाल्या. जवळजवळ अर्धा तास ती नुसती सावरून बसत राहिली.

संपल्यावर सर तिच्यापाशी गेले. “ताई, तुम्हाला कसं वाटलं?”

“छान होतं, सर,” ती म्हणाली. “मी बघत होते.”

मागे कुणीतरी म्हणालं, “सर, मास्टरपीस झाला. आता एक शिट्टी वाजवा.” पोरं हसली. सर टेबलाच्या टोकाला गेले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “रूल माझा चुकला. ताईंना खो मिळाला न्हाई. मी नीट करून परत येईन.” त्यांनी एकेकाच्या हातातून पात्रांचे कागद गोळा केले. मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर त्या चुकीतला माझा वाटा मला मिळाला असता. मी पाण्याची बाटली शोधण्याचं नाटक केलं.

परतीच्या गाडीत गर्दी होती, सरांना उभंच राहावं लागलं. फुलंब्रीच्या पुढे कधीतरी, खिडकीबाहेर बघत ते आपल्याआपणच बोलू लागले. “शाळेत असताना तालुक्याच्या मॅचला गेल्तो. आठव्या पाटीवर उकिडवा बसवलं होतं मला. नऊ मिनिटांचा डाव. मास्तरनं सांगितलं होतं, तयार राहा. मी नऊ मिनिटं तयार होतो. एक बी खो आला न्हाई. घरी आलो तर आई म्हणली, कसा खेळलास? मी म्हणलो, चांगला खेळलो.” ते थोडं हसले. “आज त्या पोरीनं बी तसंच सांगितलं. मी बघत होते म्हणली.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

पुढचे चार महिने सरांनी जे केलं ते मला त्यांच्या रागापेक्षा जास्त लागलं. त्यांनी वही पुन्हा वाचायला घेतली. आपल्या गड्यांत वैद्याला चार-चार खो मिळाले आणि त्या मुलांत एकही नाही, हे का, याचं उत्तर त्यांना वहीत शोधायचं होतं. मी एका रविवारी केदारखेड्याला गेलो, तर त्यांच्या बाजेवर माझ्या खोट्या लढाया पसरलेल्या होत्या. प्रत्येक खोखाली लाल, निळ्या रेघा.

“बरं झालं आलात. या सहाव्या लढाईत मॅडम गोष्ट सोडून खेळायला बसल्या आन् त्यांनी भाऊसाहेबाला खो दिला. तेव्हा तर कोणी जखमी नव्हतं. मंग का दिला? भाऊसाहेब काय बोलले होते?”

त्या रविवारी मॅडम जालन्यात होत्या. भाऊसाहेब घरी झोपले असतील.

“ते... म्हणाले की, मी तयार आहे,” मी म्हणालो.

“मी तयार हाय,” सरांनी लिहून घेतलं. “म्हणजे बोलायला पाहिजे. त्या पोरीनं बोलायला पाहिजे होतं. खोट तिच्यात होती, नियमात न्हाई.”

असं त्यांना कधी वाटलं नसतं. ते वाटायला लावणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या कार्यालयात भाऊसाहेबांनाच गाठलं. मी शेजारी उभा होतो. “भाऊसाहेब, सहाव्या लढाईत तुम्ही ‘मी तयार हाय’ म्हणले. कसं म्हणले? उठून का बसून?”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. फार वेळ नाही. मग फाईलवर नजर टाकत म्हणाले, “आता ध्यानात न्हाई, सर. वहीत लिहिलंय तसंच असंल.”

त्या दिवशी मी शाळा सुटेपर्यंत प्रयोगशाळेत बसून होतो. माझ्यासाठी खोटं बोलायची पाळी मी अशा माणसावर आणली होती, ज्याला मी कधी कशाची पाळी दिली नव्हती. संध्याकाळी निघताना मी त्यांना गाठलं. “भाऊसाहेब, रविवारी याल का? खेळायचंय. आठ लढाया आहेत.”

“या वेळेला खरंच खेळायचंय का?” भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती. म्हणूनच जास्त लागलं.

आम्ही खेळलो. आठ रविवार, एकही न चुकता. नवे शिक्षक कंटाळले तर मी घरी जाऊन त्यांना मोटारसायकलवर बसवून आणायचो. मॅडम म्हणाल्या, “काय सर, परीक्षा जवळ आली का तुमची?” मी म्हणालो, हो. नव्या वहीत जे झालं तेच लिहिलं. भाऊसाहेबांच्या रकान्यात एक, शून्य, एक, दोन, शून्य, एक, शून्य, एक. आणि त्यांना खो न देणाऱ्यांत सगळ्यात वर माझं नाव होतं.

नवी वही घेऊन मी केदारखेड्याला गेलो. चिंचा उतरवल्या होत्या. वहिनी ओट्यावर चिंच फोडत बसल्या होत्या आणि बाजूला चिंचोक्यांचा ढीग होता. सर उभ्यानेच चहा पीत होते. मी म्हणालो, “सर, ती वही खोटी आहे.”

“किती?”

“आठ लढाया.”

“कोणत्या?”

“पहिली, दुसरी आणि सातवी सोडून सगळ्या. मी घरी बसून लिहिल्या.”

वहिनींचा हात थांबला. सरांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं, मग नजर खाली घातली. जुनी वही घेतली आणि आठही लढायांवर एकेक काट मारली. आठ वेळा. मग नवी उघडली. भाऊसाहेबांच्या रकान्यावरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं.

“हे खरं हाय ना?”

“खरं आहे.”

“म्हणजे नियमच लंगडा होता. पोरगी बराबर होती.” ते हळूहळू म्हणाले, “चार महिने मी तिच्यात खोट काढून राह्यलो.”

मला वाटलं आता ते मला जा म्हणतील. त्याऐवजी त्यांनी चिंचोक्यांची एक मूठ उचलली आणि माझ्यासमोर ओट्यावर टाकली. “बसा. काम करू. ज्याला टाळून खो पुढं गेला, त्याच्यापुढं एक चिंचोका ठिवायचा. चिंचोके साचतील. त्याची पाळी आली की नेहमीचं एक काम, वर जेवढे चिंचोके तेवढी जादा कामं. टाळा कितीबी. जेवढं टाळाल तेवढा तो भारी होत जाईल.”

“चिंचोके परत आणून द्या म्हणजे झालं,” वहिनी म्हणाल्या, “भाजायचेत मला.”

दुपारपर्यंत आम्ही नियमांची तिसरी मांडणी लिहिली. माझ्या खोटेपणाबद्दल सर एक शब्द बोलले नाहीत. निघताना मोटारसायकलपाशी येऊन एवढंच म्हणाले, “रविवारी दहाला. मी बी येणार. उशीर करू नका.”

भोकरदनला पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मी सगळं सांगितलं होतं, पण माफी मागितली नव्हती. कामाला लागण्याच्या घाईत ते राहून गेलं होतं, आणि मला ते राहून गेलेलं हवंच होतं.

रविवारी सगळे जमले. मॅडम गोष्ट सांगत होत्या. सर शिलेदार, अर्थात उभे. लढाई सुरू झाली. सरांनी वार केला आणि खो दिला, तो माझ्यामागून पुढे गेला. मॅडमनी टाळल्या गेलेल्या प्रत्येकापुढे एकेक चिंचोका ठेवला. पुन्हा खो फिरला, पुन्हा माझ्यामागून गेला. तिसऱ्यांदाही. सर मुद्दाम करत होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. प्रत्येक वेळी मी सावरून बसत होतो आणि प्रत्येक वेळी त्या चष्म्यातल्या मुलीची पाठ मला दिसत होती. तो तिसरा खो भाऊसाहेबांना आला. त्यांच्यापुढे दोन चिंचोके होते. त्यांनी न खोकता तिन्ही कामं सांगितली, उठले, सगळ्या टेबलाला वळसा घालून माझ्यामागे आले, आणि माझ्या पाठीला त्यांचा हात लागला.

“खो, सर.”

मॅडम म्हणाल्या, “तुमच्यापुढे तीन चिंचोके आहेत. म्हणजे चार कामं. बोला, दरोडेखोर समोर आहे.”

मी उभा राहिलो. तिन्ही चिंचोके उचलून मॅडमच्या पुढ्यात परत ठेवले. दोघं नवे शिक्षक माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यासमोरच बोलायचं होतं.

“सर, तुम्ही मला वही दिलीत आणि मी तिच्यात आठ लढाया खोट्या लिहिल्या. संभाजीनगरला तुम्ही एकट्याने चूक अंगावर घेतलीत आणि मी गप्प बसलो. तुम्ही सहावी लढाई विचारलीत तेव्हा मी आणखी खोटं बोललो. भाऊसाहेब, मी तुम्हाला कागदावर खो दिले आणि इथं दिले नाहीत, आणि वर तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलायला लावलं. त्या मुलीला मी पत्र लिहिलंय, पल्लवी ते तिला नेऊन देणार आहे. पण तुम्ही दोघं माझ्यासमोर आहात. मला माफ करा.”